उठण्याआधीची नाडी

तेलीबांधा, रायपूर
२० सप्टेंबर २०१५
नाडी ९२

शारदावहिनी,

वर आकडा का लिहिला आहे ते आधी सांगते, म्हणजे पत्र बाजूला ठेवण्याआधी निदान एवढं तरी वाचशील.

मंगळवारी आमच्या ऑफिसात तपासणीचं शिबिर होतं. मंत्रालय नव्या राजधानीत गेल्यापासून आम्ही सगळे शासनाच्या बसने जातो, आठ तास खुर्चीत बसतो आणि त्याच बसने परत येतो. पायांना काम असं उरलेलंच नाही. डॉक्टर अगदी कोवळा होता. त्याने माझं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, आप सीढ़ी चढ़कर आई हैं क्या?" मी अर्ध्या तासापासून रांगेत खुर्चीवर बसले होते. माझ्या मागे रुचिता होती, आमच्या शाखेतली मुलगी, ती फसकन हसली. तिचे आजोबा भंडाऱ्याहून रेल्वेत आले होते. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते आणि आमचं उत्तम चालतं.

वजन चौऱ्याहत्तर निघालं. डॉक्टर म्हणाला, रोज चाला, आणि सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी मोजून लिहीत जा. कशी मोजायची ते तो शिकवायला लागला. मी त्याला थांबवलं. मला ते एकोणऐंशी साली शिकवलेलं आहे. तू नवी नवरी होतीस, रेल्वेच्या क्वार्टरच्या ओट्यावर बसली होतीस, नर्सच्या पांढऱ्या साडीवर उलटं घड्याळ टाचलेलं होतं. "अंगठा नाही, शर्मू. अंगठ्याची सोताची नाडी असते. तीन बोटं ठेव. आन् पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, ते घाईचे लोक करतात. पुरा मिनिट." मी बावीस वर्षांची होते आणि मला वाटलं होतं, दादाने घरात केवढं माणूस आणलं आहे.

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. दादा गेला तेव्हा मी नागपूरला आले होते. तू मला चहा दिलास, साखर कमी घातलेला, मला लागतो तसा. शब्द मात्र एकही नाही. तक्रार करत नाही, तो हक्क मला नाही. आईच्या तेरवीला, भरल्या पंगतीत, चाळीस माणसांसमोर मी तुला म्हणाले होते, "जगाची नाडी पाहत फिरते, घरातल्या म्हातारीची नाही दिसली!" त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस. दोन महिन्यांत दादाने आणि तू नागपूरला बदली मागून घेतली.

मला तू परत बोलायला हवी आहेस. बाकी काही नाही. उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

शर्मिष्ठा

८ ऑक्टोबर २०१५
नाडी ८६

वहिनी,

पत्र परत आलं नाही. तू ते घेतलंस, एवढंसुद्धा मला पुष्कळ आहे.

मी चालायला लागले. तेलीबांध्याचं तळं तू पाहिलंस तेव्हा तिथे म्हशी बसायच्या. आता काठाने फरशा आणि दिवे आहेत आणि पहाटे पाच वाजल्यापासून अर्धं शहर तिथे गोल फिरत असतं. माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, गॅलरीतून तळ्याचा एक कोपरा दिसतो. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली आणि बाकावर बसले. एक वयस्क बाई शेजारून जाता जाता म्हणाल्या, "बइठ गे ओ? हव, बइठ, काली पूरा करबे." उद्या पूर्ण कर, असं म्हणाल्या. ओळख ना देख. दुसऱ्या दिवशी खरंच पूर्ण केली.

बूट घेतले. दुकानदाराने लेसचे दाखवले, मी चिकटपट्टीचे मागितले. लेस बांधायला खाली वाकलं की पोट मध्ये येतं. दुकानदार हसला नाही, भला माणूस.

बसचा ड्रायव्हर भैय्यालाल मला बूट घातलेले पाहून म्हणाला, "दीदी, अब बस की क्या जरूरत? आप आगे-आगे चलिए, हम पीछे-पीछे आते हैं." सगळी बस हसली. मीही हसले. वहिनी, या वयात कोणी आपली थट्टा करावी इतके आपण त्यांना दिसतो, याचंसुद्धा मला बरं वाटतं.

शर्मिष्ठा

२२ नोव्हेंबर २०१५
नाडी ७६

वहिनी,

आकडा पाहिलास ना? दोन महिन्यांत सोळा उतरले. वजन चार किलो. आता तीन फेऱ्या होतात.

कॉन्व्हेंटमध्ये मी आठवीत चारशे मीटरला दुसरी आले होते, हे तुला शंभरदा सांगून झालं आहे. आमच्या सिस्टर फिलोमिना आम्हा मुलींना मैदानावर घेऊन बसवायच्या आणि सांगायच्या, धावणाऱ्याचं हृदय आळशी असतं, थोडकं काम करून भागवतं, म्हणून ते फार दिवस टिकतं. त्यांची स्वतःची नाडी पन्नास होती म्हणे. आम्ही सगळ्या जणी त्यांच्या झग्याच्या बाहीत बोटं खुपसून ती मोजायचो. मला आता वाटायला लागलं आहे, या वयात का होईना, मीही तिथे पोचेन.

चालताना जुनं पुष्कळ आठवतं. चौऱ्याऐंशी साली आईने अमरावतीच्या त्या बिजवराला जवळजवळ होकार कळवला होता. मला नोकरी करायची होती आणि लग्न करायचं नव्हतं, पण बोलायची छाती नव्हती. तू ड्यूटीवरून आलीस, चप्पलही काढली नाहीस आणि आईला म्हणालीस, "तिले नाही करायचं तर नाही. तिच्या जेवणाचं काय, ते माझ्या पगारातून." आई आठ दिवस तुझ्याशी बोलली नाही. मी मात्र एकतीस वर्षं माझ्या मनासारखी जगले. त्याचे आभार मी कधी मानलेच नाहीत. घरातल्या घरात आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, पण आता मी घरात कुठे आहे? म्हणून मानते.

शर्मिष्ठा

२७ डिसेंबर २०१५
नाडी ७०

वहिनी,

नाताळची सुट्टी होती. चर्चमध्ये जाऊन आले, दरवर्षीसारखी. मी हिंदू बाई तिथे मागच्या बाकावर बसून काय करते ते मला सांगता येत नाही. शाळेची सवय आहे.

परतताना ठरवलं होतं की आज तुला एक गोष्ट लिहायची. आई गेली त्या आठवड्यातली आहे. ती मी कोणालाच सांगितलेली नाही, दादालाही नाही. कागद घेऊन बसले, दोन तास गेले आणि आता पोळ्या करायच्या आहेत.

आज नको. पण लिहीन. हे वाक्य मी खोडणार नाही, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

शर्मिष्ठा

१२ जानेवारी २०१६
नाडी ६२

वहिनी,

बासष्ट! रुचिताने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. सचिवांच्या स्वीय सहायकाने येऊन विचारलं की मॅडम कोणतं औषध घेता. मी म्हटलं, तळं.

संक्रांतीचे तिळगूळ वेगळ्या पाकिटात पाठवते आहे. तोंड गोड करायला सांगत नाही. नुसते खा.

शर्मिष्ठा

२२ जानेवारी २०१६
नाडी ५१

वहिनी,

मी सिस्टर फिलोमिनांना गाठलं, एकाचाच फरक राहिला. दहा दिवसांत अकरा उतरले. काल भैय्यालालने बस तेलीबांध्याच्या चौकात थांबवून सगळ्यांसाठी जिलबी घेतली. "दीदी खिलाड़ी बन गईं, मुँह मीठा करो." मी एकच तुकडा खाल्ला, खेळाडूने पथ्य पाळायला हवं.

थंडीमुळे असेल, पण हल्ली फेऱ्या पूर्ण होत नाहीत, दोनच होतात. परवा बुटाची लेस सुटली म्हणून मधेच बाकावर बसावं लागलं आणि ऊन डोळ्यांवर आल्यामुळे जरा वेळ बसूनच राहिले. एका बाईंनी पाणी दिलं. लोक किती चांगले असतात.

जिना चढताना मात्र दम लागतो. ते वय झालं. हृदय तरुण आणि गुडघे म्हातारे, असं रुचिताला सांगितलं.

शर्मिष्ठा

२८ जानेवारी २०१६
नाडी ४३

वहिनी,

आज लिहिते. मधे उठायचं नाही असं ठरवून बसले आहे. हल्ली थकवा येतो, म्हणून ऑफिसलाही गेले नाही.

आई शुक्रवारी गेली. तू तेव्हा आठवडाभर सकाळच्या ड्यूटीवर होतीस, पहाटे निघायचीस. मंगळवारी सकाळी तू गेल्यावर आईने मला हाक मारली. ती पलंगावर बसली होती, छातीवर हात होता. म्हणाली, "शर्मू, छातीत भरल्यासारखं होऊन राहिलं व. डावा हात जड वाटते." मी म्हणाले, वहिनी आली की सांगू. तर म्हणाली, "शारदाले सांगू नको. ते मले भरती करून टाकीन, आन् मी तिथून परत येत नाही." मी तिला पित्ताच्या गोळ्यांची पट्टी दिली, एक गोळी चघळायला लावली आणि बस पकडायला पळाले. माझी बढतीची फाइल होती त्या दिवशी. बुधवारी विचारलं तर म्हणाली बरं आहे. गुरुवारी पुन्हा हात दुखला, पुन्हा गोळी. मी तुला सांगितलं नाही. तुला संध्याकाळी आईने मुद्दाम हसून दाखवलं, मी बाजूला उभी होते आणि गप्प राहिले.

शुक्रवारी ती गेली.

तेरवीला तात्यापारा मोहल्ल्यातल्या मामी म्हणाल्या, "नर्स सून असून असं कसं झालं म्हणावं?" सगळे माझ्याकडे पाहत आहेत असं मला वाटलं. आता माझ्या तोंडावरून सगळं कळेल, असं वाटलं. आणि मी ते वाक्य बोलले. तू पंगतीत वरण वाढत होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस, चार पानांवर वरण वाढायचं राहिलं होतं ते वाढलंस, आणि आत गेलीस.

ते वाक्य मग सगळ्यांनी उचललं. तुला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं, बारशाला बोलावणं बंद झालं, हे मी पाहिलं. तेव्हाही मी गप्प होते. दादा मेला, आई आपल्या बायकोमुळे गेली का, हा प्रश्न मनात घेऊन मेला असेल, तर तेही माझ्याच माथी आहे.

क्षमा माग, असं मला शाळेत शिकवलं होतं. कसं मागायचं ते मला आता आठवत नाही. मी फक्त जे झालं ते लिहिलं.

हे स्पीड पोस्टाने पाठवते, म्हणजे माझा विचार बदलायच्या आत पोचेल.

शर्मिष्ठा

१६ फेब्रुवारी २०१६
नाडी ६०, यंत्राची

वहिनी,

जे घडलं ते तुला माहीत आहे, तू तिथे होतीस. तरी मला ते माझ्या बाजूने लिहू दे. दवाखान्यात बोलायला गेले की तू "गप पडून राह" म्हणायचीस.

एक तारखेला, सोमवारी सकाळी मी बससाठी तयार होत होते. फोन वाजला. पडद्यावर तुझं नाव. आठ वर्षं ते नाव मी फोनमध्ये जपून ठेवलं होतं आणि आता ते उजळलं तर मला बटण सापडेना. मला वाटलं, पत्र पोचलं, आता तू बोलशील, रडशील, शिव्या देशील. सगळ्याला मी तयार होते. तू हॅलोसुद्धा म्हणाली नाहीस.

"उभी हाये का बसली हाये?"

"उभी."

"बस. तीन बोटं ठेव. मी घड्याळ पाहून राहिली. म्हणीन तवा सुरू कर."

तुझ्या बाजूने एक मिनिटभर काहीच आवाज नव्हता. मी अडतीस मोजले. आणि वहिनी, देवाशपथ सांगते, तो आकडा मी तुला जरा अभिमानाने सांगितला.

"शर्मू, हे चालण्यानं होत नाही," तू म्हणालीस. "अठ्ठावन वर्षाच्या बाईची नाडी चार महिने तळ्याले चकरा मारून अडतीस होत नाही. चक्कर येते?"

"नाही."

"खोटं बोलू नको. लेस सुटली म्हणून बसली म्हणे! तुझ्या बुटाले लेस हाये का? पट्टी हाये ना?"

मी ऑक्टोबरात एकदाच लिहिलं होतं. बूट चिकटपट्टीचे आहेत हे तुझ्या लक्षात होतं. मी रडायला लागले. तू म्हणालीस, "रडू नको, दम वाया जाते. त्या पोरीले बोलाव, रुचिताले. जिना एकटीनं उतरायचा नाही. दार उघडून ठेव आन् जमिनीवर बस. मी निघाली."

मग रुचिता आणि तिचा नवरा मला खुर्चीत बसवून खाली घेऊन गेले. बस चुकली म्हणून भैय्यालालचा फोन आला तर रुचिता त्याला म्हणाली, "भैया, तुम्हारी जलेबी वापस करनी पड़ेगी." त्या स्थितीतही मला हसू आलं. ईसीजीचा कागद पाहून तिथल्या डॉक्टरने मला चालत बाथरूमला जायलाही मनाई केली. हृदयाच्या वरच्या कप्प्याचा हुकूम खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नव्हता, खालचा आपला आपल्या मनाने कसाबसा चालला होता. तो आळशी झाला नव्हता, संपत आला होता. आणि मी जिलबी खात होते.

संध्याकाळी तू नागपूरच्या गाडीने आलीस. पर्समधून कॅलेंडरचं एक पान काढलंस आणि डॉक्टरच्या हातात दिलंस. त्याच्या पाठीवर माझे सगळे आकडे होते, ब्याण्णवपासून, तारखांसकट. सत्तरच्या खाली एक रेघ ओढली होती. "इथपर्यंत चालण्याचं हाये," तू त्याला समजावत होतीस, "इथून खाली बिमारीचं." तो बिचारा "जी सिस्टर, जी सिस्टर" करत होता. मी पडल्या पडल्या पाहत होते. मला वाटत होतं माझी पत्रं तू न वाचता ठेवून देतेस.

दुसऱ्या दिवशी पेसमेकर बसवला. तिसऱ्या दिवशी तू मला पातळ भात भरवत होतीस, तेव्हा मी विचारलं, एक्कावन्नचं पत्र मिळालं तेव्हाच फोन का नाही केला?

"हातात घेतला होता फोन," तू म्हणालीस. "मग ठेवून देल्ला."

"काहून?" तुझ्यासमोर माझ्या तोंडात आपोआप तुझाच शब्द आला.

"तू म्हणशील, आली मोठी नाडी पाहणारी."

पाच दिवस तू फोन हातात घेत होतीस आणि ठेवत होतीस, आणि ते माझ्या त्या वाक्यामुळे. ते वाक्य फिरून माझ्याच जिवावर आलं होतं. तुझ्यामुळे ते तिथेच थांबलं.

मग मी आईबद्दलच्या पत्राचं विचारलं. तू चमचा वाटीत ठेवलास. "गोळ्यांची पट्टी आईच्या उशीखाली मले तवाच सापडली होती. दोन गोळ्या कमी. ती पट्टी तुझ्या पर्समधली होती, घरात दुसरं कोणी खात नव्हतं." आठ वर्षं तुला माहीत होतं. पंगतीत वरण वाढताना माहीत होतं. मी विचारलं, मग तिथेच का नाही बोललीस? तू म्हणालीस, "तुझी आई मेली होती."

मी क्षमा मागितली. हात जोडले, सलाइनची नळी ओढली गेली, नर्स ओरडली. तू माझा हात खाली ठेवलास आणि म्हणालीस, "मले सांगून काय होते, शर्मू? मले तर मालूमच होतं. ज्यायले मालूम नाही त्यायले सांग."

सहा रात्री तू दवाखान्यातल्या बाकावर झोपलीस. मला सोडलं तेव्हा घरापर्यंत आलीस, जिन्यात माझ्या एक पायरी खाली राहून चढलीस, गोळ्यांची यादी दाराच्या मागे चिकटवलीस. मी आत ये म्हटलं. तू म्हणालीस, गाडी आहे. गाडीला तीन तास होते. पाणीही न घेता गेलीस.

बरोबर केलंस. मी समजले.

डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, महिनाभर. लिहिते उजव्याने.

शर्मू

१४ मार्च २०१६

वहिनी,

आज सकाळी नाडी मोजायची राहून गेली. रागावू नकोस, कारण वाच.

काल आईचं श्राद्ध केलं, इथेच, माझ्या फ्लॅटवर. तेरवीच्या पंगतीत कोण कोण होतं ते मी आठवून आठवून लिहून काढलं. चाळीसपैकी नऊ जण आता नाहीत. काही पुण्याला, काही दुर्गला. उरलेल्या प्रत्येकाला मी फोन केला आणि म्हटलं, जेवायला या, आणि जेवणाआधी मला पाच मिनिटं बोलायचं आहे. एकोणीस माणसं आली. बहुतेकांना वाटलं, मोठ्या आजारातून उठले म्हणून देवाचं काही आहे. चुलत बहीण पद्मजाने तर ओटीचं सामान आणलं होतं.

पानं मांडली, वाढलं, आणि मी उभी राहिले. भिंतीला टेकून उभी राहिले. तुला पत्रात लिहिलं होतं तेवढंच सांगितलं. मंगळवार सांगितला, गोळ्या सांगितल्या, बढतीची फाइल सांगितली. मग म्हटलं की शारदावहिनीला उशीखाली पट्टी सापडली होती आणि ती एक अक्षर बोलली नाही. आणि महिन्याभरापूर्वी तिने नागपुरात बसून, माझ्या पत्रावरचे आकडे वाचून माझा जीव वाचवला. एवढं सांगून झाल्यावर म्हटलं, आता जेवा.

कोणी पानाला हात लावला नाही. शेवटी मामेभाऊ मारोती म्हणाला, "जाने दो न दीदी, पुरानी बात है. तबीयत संभालो."

तेवढ्यात तात्यापाऱ्याच्या मामी बोलल्या. चौऱ्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं. मला वाटलं होतं त्यांना अर्धंच कळलं असेल. "जाऊ कसं द्यायचं, मारोती? तुले कोणी म्हटलं होतं काय तसं?" मग माझ्याकडे वळल्या. "आन् तू व. आठ वर्षं आमाले खोटं खाऊ घातलं. त्या पोरीले मी माझ्या नातवाच्या बारशाले नाही बोलावलं. दारावरून गेली तरी हाक नाही मारली. आता ते पाप मी कुठी नेऊ?"

मी म्हटलं, "मामी, ते माझं आहे."

"तुझं तुझं हाये. माझं माझं." मग त्यांनी पान बाजूला सरकवलं. "नंबर लाव तिचा."

मी लावला. मामींना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला होता, त्यामुळे तुझं "हं, बोल शर्मू" सगळ्यांनी ऐकलं. मामी म्हणाल्या, "शारदा, मी तात्यापाऱ्याची मामी बोलून राहिली," आणि त्यांना रडू आलं. मी फोन त्यांच्या कानाशी नीट धरून दिला, त्यांना आतल्या खोलीत पलंगावर बसवलं आणि दार ओढून घेतलं. बाकीच्यांना म्हटलं, जेवा, वरण निवतं आहे. आणि वाढायला लागले, उजव्या हाताने. पद्मजाने माझ्या हातातून भांडं घेतलं.

वीस-पंचवीस मिनिटांनी मामी बाहेर आल्या. डोळे पुसलेले होते. पानावर बसल्या, भात कालवला आणि मग मला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "एप्रिलात आमच्या नातीचं लगन हाये, बावीस तारखेले. शारदा येते म्हणाली. मी म्हटलं आमच्याकडे उतर. तर म्हणते, नाही, शर्मूकडे उतरीन, तिच्या गोळ्या पाहायच्या हायेत."

गोळ्या मी वेळेवर घेते आहे. तुला पाहायच्या असतील तर पाहा.

मी गादी आजच उन्हात घातली. एप्रिलला अवकाश आहे, रुचिताही तेच म्हणाली. तरी घातली.

तुझी,
शर्मू